सायकलीवरील लहानशी जागा

शहराची थोरवी कशावरून ठरवावी, असा प्रश्न विचारला तर निरनिराळी उत्तरे मिळतात. कोणी उंच इमारतींकडे बोट दाखवितो, कोणी रुंद रस्त्यांकडे, तर कोणी उड्डाणपुलांकडे आणि मेट्रोकडे. ही सारी उत्तरे आपापल्या परीने खरी आहेत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक साधी कसोटी लावून पाहावी. त्या शहरातील आईला किंवा वडिलांना आपल्या चार वर्षांच्या मुलाला सायकलीवर बसवून शाळेपर्यंत, बागेपर्यंत किंवा वाण्याच्या दुकानापर्यंत निर्धास्तपणे नेता येते काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते शहर लहान मुलांचे आहे, वृद्धांचे आहे आणि पायी चालणाऱ्यांचेही आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर उड्डाणपूल कितीही उभारले तरी त्या शहराच्या रस्त्यांत काही तरी चुकलेले आहे.

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत या कसोटीसाठी चांगले उदाहरण ठरते. मराठी माणसाला हे शहर परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती, आणि आज नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झालेली आहेत. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वसाहत पहिल्यापासून नवव्यापर्यंत अशा टप्प्यांत विभागलेली आहे. आतील रस्ते ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा नावांनी व क्रमांकांनी ओळखले जातात. त्यांपैकी कित्येक रस्त्यांवर झाडांची दाट सावली आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराची हवा वर्षाचा बराच काळ सौम्य असते. भर उन्हाळ्यातही सकाळ सुखाची असते. सायकल चालविण्यासाठी याहून अनुकूल हवामान देशातील फार थोड्या महानगरांना लाभले असेल. असे असूनही मुलाला सायकलीवर घेऊन निघालेली आई किंवा वडील तेथे अपवादानेच दिसतात. असे का व्हावे, याचा विचार केला पाहिजे.

मुलाला सायकलीवर घेऊन जाणे ही काही परदेशातून आलेली हौस नव्हे. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचे बालपण सायकलीच्या दांडीवर गेलेले आहे. वडिलांनी दांडीवर टॉवेल गुंडाळावा, मुलाने त्यावर बसून दोन्ही हातांनी हँडल धरावे आणि वाटेत दिसेल त्या प्रत्येक वस्तूबद्दल प्रश्न विचारावेत, हे दृश्य पुण्यात, सांगलीत, नागपुरात किंवा बेळगावात नवे नव्हते. काही घरी दांडीवर बसविण्याची लोखंडी छोटी सीट असे. मूल मोठे झाले की त्याची बढती मागच्या कॅरिअरवर होई. ‘डबलसीट’ हा शब्द मराठीत रुळला तो याच सायकलीमुळे. या प्रवासात गोडवा होता, तसा धोकाही होता. कॅरिअरवर बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत अडकून घोटा सोलवटणे, हाड मोडणे, ओढणी किंवा पदर चाकात गुंतणे, पेंगुळलेले मूल एका बाजूला कलणे हे अपघात घरोघरी ठाऊक होते. त्या काळी रस्त्यावर मोटारी थोड्या होत्या; म्हणून पडझड झाली तरी ती बहुधा खरचटण्यावर निभावत असे. आज तसे म्हणता येणार नाही.

या अनुभवातूनच मुलांसाठी सायकलीला जोडण्याची निरनिराळी साधने जगभर विकसित झाली. त्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला प्रकार म्हणजे आसन. हे आसन चालकाच्या पुढे किंवा मागे सायकलीच्या सांगाड्यावर घट्ट बसविलेले असते. त्याला पाठीचा उंच टेकू, खांद्यांवरून येणारे पट्टे आणि पाय आऱ्यांपासून दूर ठेवणारी बंदिस्त पायठेवणी असते. युरोपीय मानकानुसार मागील आसन साधारणतः नऊ ते बावीस किलो आणि पुढील आसन नऊ ते पंधरा किलो वजनाच्या मुलासाठी असते. दुसरा प्रकार म्हणजे ट्रेलर, म्हणजेच सायकलीच्या मागे ओढली जाणारी दोन चाकांची छोटी गाडी. तिच्यात एक किंवा दोन मुले पट्ट्याने बांधून बसतात. सायकल कलंडली तरी ही गाडी सहसा उलटत नाही. मात्र ती जमिनीलगत असल्याने मोटारचालकाच्या नजरेत चटकन येत नाही. म्हणून तिला उंच काठीवर रंगीत झेंडा लावतात. तिसरा प्रकार सर्वांत वेगळा आहे. ती असते मागे जोडण्याची अर्धी सायकल. तिला एकच चाक, स्वतःचे पेडल आणि स्वतःचे आसन असते. तिचा पुढचा दांडा मोठ्या सायकलीच्या सीटखालील नळीला जोडलेला असतो. मूल त्यावर बसून पेडल मारते. परंतु दिशा देणे आणि ब्रेक लावणे ही कामे पुढे बसलेल्या मोठ्या माणसाकडेच राहतात. सुमारे चार वर्षांपासून आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना हे साधन उपयोगी पडते.

या तिसऱ्या साधनात शिक्षणाचे एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. आसनात किंवा ट्रेलरमध्ये मूल प्रवासी असते. अर्ध्या सायकलीवर ते सहप्रवासी होते. चढ आला की त्याला जोर लावावा लागतो, उतार आला की पाय स्थिर ठेवावे लागतात. पुढे बसलेली आई ‘आता थांबायचे आहे’, ‘आता डावीकडे वळायचे आहे’ असे सांगते आणि तसे करते. सिग्नल लाल असताना रस्ता मोकळा असला तरी थांबायचे, वळण्यापूर्वी मागे पाहायचे, हात दाखवायचा, पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हे सारे मूल पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष कृतीतून शिकते. मोटारीच्या काचेआड बसलेल्या मुलाला रस्ता म्हणजे केवळ घर आणि शाळा यांमधील रिकामा वेळ वाटतो. सायकलीवरच्या मुलाला मात्र कोणत्या वळणावर फुलवाली बसते, कोणत्या झाडाखाली नारळपाणी मिळते आणि कोणत्या कोपऱ्यावर पावसाचे पाणी साचते, हे पाठ होते. आपला परिसर ओळखणारे मूल पुढे त्या परिसराची काळजी घेणारा नागरिक होण्याची शक्यता अधिक असते.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. पाच वर्षांखालील मुलांसाठी याच संघटनेने २०१९ मध्ये स्वतंत्र सूचना दिल्या. एका वेळी एक तासाहून अधिक काळ लहान मुलाला आसनात किंवा गाडीत बांधून ठेवू नये, असे त्यांत सांगितले आहे. यावरून असे दिसते की, सायकलीच्या आसनात बसविले म्हणजे मुलाचा व्यायाम झाला, असे समजणे चूक ठरेल. व्यायाम होतो तो पालकाचा. मुलाचा लाभ वेगळा आहे. ते मोकळ्या हवेत असते, पालकाशी बोलत असते आणि बागेत पोहोचल्यावर उतरून धावणार असते. म्हणून प्रवास लहान असावा आणि त्याच्या शेवटी मुलासाठी काही तरी असावे.

जे. पी. नगरात अशा लहान प्रवासांसाठी ठिकाणांची उणीव नाही. तिसऱ्या टप्प्यातील झाडीने भरलेले ‘मिनी फॉरेस्ट’, सारक्की तलाव, सातव्या टप्प्याजवळचा पुट्टेनहळ्ळी तलाव ही मुलांना आवडणारी स्थळे आहेत. दुसऱ्या टप्प्यात २००४ पासून ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभे आहे. मुलांच्या नाटकांसाठीही ते प्रसिद्ध आहे. मुंबईत मराठी रंगभूमीवर घडलेले आणि पुढे कन्नड चित्रपटसृष्टीत कीर्ती मिळविलेले शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी ते उभारले. शंकर नाग यांचा मृत्यू १९९० मध्ये रस्ता अपघातात झाला. तेव्हा ते पस्तिशीचेच होते. मुलांना नाटकाचा आनंद देणारी ही वास्तू रस्त्याने हिरावून नेलेल्या एका कलावंताची आठवण आहे, ही गोष्ट त्या नाट्यगृहाकडे सायकलीने जाऊ पाहणाऱ्या पालकाला विचार करावयास लावणारी आहे.

येथेच या विषयावरील सर्वांत मोठा आक्षेप पुढे येतो. ‘अशा रहदारीत कोवळ्या मुलाला सायकलीवर नेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे नव्हे काय?’ असे अनेक जण विचारतात. हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. जगाचा विचार केला तर पाच ते एकोणतीस वर्षे या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्त्यावरील अपघात हेच असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेंगळुरूतील नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेलेली आहे. हे आकडे समोर असताना कोणत्याही पालकाला ‘घाबरू नका, मुलाला घेऊन खुशाल निघा’ असा उपदेश करणे बेजबाबदारपणाचे होईल.

परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सायकलीवर मुलाला नेण्यास कचरणारे कुटुंब त्याच मुलाला स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभे करून किंवा मोटारसायकलीच्या टाकीवर बसवून नेते, हे दृश्य दररोज दिसते. त्या मुलाच्या डोक्यावर बहुधा हेल्मेट नसते आणि अंगाला पट्टाही नसतो. वाहनाचा वेग मात्र सायकलीच्या तिप्पट-चौपट असतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केला आणि तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकी मोटार वाहनावर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वाहनाचा वेग ताशी चाळीस किलोमीटरांहून अधिक असता कामा नये. सायकल हे मोटार वाहन नसल्याने हा नियम तिला लागू होत नाही. तथापि त्यामागील शहाणपण सायकलीलाही लागू पडते. मूल बांधलेले असावे, डोके झाकलेले असावे आणि वेग कमी असावा. धोका सायकलीमध्ये नाही. तो वेगात आणि निष्काळजीपणात आहे.

वेगाचे गणित समजून घेणे कठीण नाही. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे आठ मीटर अंतर कापते. ताशी साठ किलोमीटर वेगाने तेच अंतर सतरा मीटरांच्या जवळ जाते. मूल दिसल्यानंतर ब्रेकवर पाय जाईपर्यंत सुमारे एक सेकंद लागतो, असे धरले तरी दुसऱ्या वाहनचालकाने ब्रेक लावण्यापूर्वीच दुप्पट अंतर ओलांडलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच जेथे पायी चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी एकत्र वावरतात, तेथे वेगमर्यादा ताशी तीस किलोमीटर असावी, असे आवाहन २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेने केले.

हे गणित जे. पी. नगरला लावून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. या वसाहतीत दोन प्रकारचे रस्ते आहेत. बन्नेरघट्टा रस्ता, कनकपुरा रस्ता आणि वसाहतीतून जाणारा बाह्य वळण रस्ता यांवर बस, ट्रक आणि पाण्याचे टँकर धावतात. मुलाचे आसन किंवा ट्रेलर जोडलेल्या सायकलीने आज त्या रस्त्यांवर मिसळू नये, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आतील कित्येक मेन आणि क्रॉस रस्ते मुळात शांत आहेत. मोठ्या रस्त्यावरील कोंडी चुकविण्यासाठी मोटारी आणि दुचाकी त्यांवर शिरतात, तेव्हाच ते धोक्याचे होतात. त्या शिरकावाला आळा घालणे आणि मोठा रस्ता ओलांडण्याच्या जागा सुरक्षित करणे, एवढ्या दोन गोष्टी साधल्या तरी घर, शाळा, बाग आणि बाजार यांना जोडणारे जाळे तयार होऊ शकते. त्यासाठी प्रचंड खर्चाची गरज नाही. नीट रंगविलेले गतिरोधक, अरुंद केलेली वळणे, काही गल्ल्यांत मोटारींना एकाच बाजूने प्रवेश आणि पदपथावर उभ्या राहणाऱ्या वाहनांना मज्जाव, एवढ्यावरही पुष्कळ काम होते.

ज्या देशाचे नाव आज सायकलींशी जोडले जाते, त्या नेदरलँड्सची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील माणसे उपजतच सायकलवेडी होती आणि रस्ते पहिल्यापासून सुरक्षित होते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या आणि सायकली मागे हटल्या. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अपघातात स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्यातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-वडील मुलांसह रस्त्यावर आले आणि त्यांनी वाहतूक रोखून धरली. पाठोपाठ १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि मोटारींना पर्याय शोधण्याची निकड सर्वांनाच पटली. १९७६ मध्ये तेथील कायद्याने अशा निवासी गल्ल्यांना मान्यता दिली, जेथे चालणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्या मुलांचा हक्क आधी, आणि मोटारींनी त्यांच्या चालीने जायचे. आज तेथे सायकलीवर पुढे एक आणि मागे एक मूल घेऊन जाणारी आई कोणालाही धाडसी वाटत नाही. तो बदल आपोआप झाला नाही. पालकांनी तो मागून घेतला.

आपल्या देशातही प्रयत्न झालेले नाहीत, असे नाही. जे. पी. नगरला लागून असलेल्या जयनगरात २०१० नंतरच्या काही वर्षांत सायकलींसाठी मार्ग आखण्यात आले. परंतु पाहता पाहता ते मोटारी उभ्या करण्याच्या जागा बनले. २०२० मध्ये करोनाच्या साथीच्या काळात शहराच्या पूर्वेकडील बाह्य वळण रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी काढण्यात आली. तीही फार काळ सुस्थितीत राहिली नाही. या दोन्ही प्रयत्नांतून एक धडा मिळतो. रस्त्यावर केवळ रंग मारल्याने मूल सुरक्षित होत नाही. मोटार ओलांडू शकणार नाही असा अडथळा, नियमाची अंमलबजावणी आणि सतत देखभाल यांवाचून सायकलमार्ग कागदावरच राहतो.

शहराकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी ‘अर्बन नाइंटी-फाइव्ह’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने दिलेली आहे. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारणतः पंच्याण्णव सेंटिमीटर असते. त्या उंचीवरून शहर कसे दिसते, हे नियोजन करणाऱ्यांनी पाहावे, असा त्याचा आग्रह आहे. पुणे महानगरपालिकेनेही या उपक्रमात सहभाग घेतला. पंच्याण्णव सेंटिमीटरांवरून पाहिले की उभ्या मोटारीपलीकडचे काही दिसत नाही, वाहनांचा धूर थेट नाकाशी येतो आणि पदपथाची उंच कड भिंतीसारखी भासते. नियोजन करणारे अधिकारी, नगरसेवक आणि अभियंते यांनी वर्षातून एकदा तरी एखाद्या मुलाला सायकलीवर बसवून आपल्याच प्रभागातून फिरून यावे. कित्येक अहवालांतून जे कळत नाही, ते त्या अर्ध्या तासात कळेल.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती विसरता येणार नाही. मुलांची आधुनिक आसने आणि ट्रेलर ही साधने महाग आहेत. त्यामुळे हा विषय केवळ सुखवस्तू घरांचा आहे, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात तो गरीब घरांचा अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के घरांत सायकल होती. ज्यांच्याकडे मोटार नाही, त्या कष्टकऱ्यांची मुले आजही कॅरिअरवर आणि दांडीवर बसूनच शाळेत जातात. बांधकामावर जाणारा मजूर, दूध टाकणारा, पहाटे फुलांच्या बाजारात जाणारी बाई यांच्यासाठी सायकल ही हौस नसून गरज असते. त्यांच्या मुलांना पट्टा असलेले मजबूत आसन आणि चाकावर जाळी मिळाली, तर कित्येक पाय आऱ्यांपासून वाचतील. आपल्या गावोगावच्या सायकल दुकानदारांत आणि लोहारांत अशी आसने घडविण्याचे कौशल्य आहे. सरकारने त्यांच्यासाठी साधे, स्वस्त आणि तपासलेले नमुने ठरवून द्यावेत. शाळकरी मुलांना सायकली देणाऱ्या योजना अनेक राज्यांनी राबविल्या. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या सुरक्षित आसनाचाही आता विचार व्हावा.

शासनाने काय करावे हे सांगताना पालकांचे कर्तव्य झाकून ठेवता येत नाही. एक वर्षाखालील बाळाला सायकलीवर नेऊ नये, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. इतक्या लहान बाळाची मान अजून पुरती बळकट झालेली नसते, हे त्याचे एक कारण. मुलाला घेण्यापूर्वी पालकाने आसनात किंवा ट्रेलरमध्ये तेवढ्याच वजनाचे पोते ठेवून मोकळ्या मैदानात सराव करावा. मागे वजन असले की सायकल थांबायला अधिक अंतर लागते, वळताना तोल बदलतो आणि ट्रेलर जोडलेला असेल तर रुंदीचे भान ठेवावे लागते. सायकल स्टँडवर लावून मुलाला आसनात एकटे सोडणे हा तर नेहमीचा आणि टाळता येण्याजोगा अपघात आहे. ब्रेक, हवा, पट्टे आणि जोडाचा खिळा दर वेळी तपासावेत. साडीचा पदर, ओढणी, मुलाच्या बुटांच्या नाड्या चाकापासून दूर बांधाव्यात. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. तेव्हा उतरून सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही. आणि पालकानेही हेल्मेट घालावे. कारण मूल सांगितलेले नव्हे, तर पाहिलेले शिकते.

मात्र पालकाने सर्व काळजी घेतली, तरी बेदरकार मोटारीपुढे तो दुबळाच असतो. मुलाला सायकलीवर नेणाऱ्या आईला ‘धाडसी’ म्हणून गौरविणे सोपे आहे. पण रोजच्या शाळेच्या वाटेवर धाडसाची गरज पडावी, हे भूषणावह नाही. सुरक्षितता ही पालकाच्या धैर्यावर सोडून देण्याची गोष्ट नव्हे; ती रस्त्याच्या रचनेत असली पाहिजे. जो रस्ता मूल बसलेल्या सायकलीसाठी सुरक्षित असतो, तो काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांसाठी, चाकाच्या खुर्चीवरील अपंगासाठी, भाजीची गाडी ढकलणाऱ्यासाठी आणि शाळेत एकट्याने जाणाऱ्या मुलीसाठीही सुरक्षित असतो. म्हणून ही मागणी मूठभर सायकलप्रेमींची नाही. ती सर्वांची आहे.

अशा मागणीला यश येते, याचा पुरावा जे. पी. नगरातच आहे. पुट्टेनहळ्ळी तलाव एके काळी कोरडा पडत चालला होता. परिसरातील रहिवाशांनी २०१० मध्ये एकत्र येऊन न्यास स्थापन केला, महापालिकेला सोबत घेतले आणि तलाव पुन्हा जिवंत केला. आज तेथे पाणी आहे, पक्षी आहेत आणि ते पाहायला येणारी मुले आहेत. ज्या लोकांनी तलाव वाचविला, त्यांना त्या तलावापर्यंत जाणारा रस्ताही वाचविता येईल. प्रारंभ लहान असावा. एका शाळेभोवतालच्या चार गल्ल्या निवडाव्यात, तेथे वेग ताशी तीस किलोमीटरांच्या आत आणावा, रविवारी सकाळी काही तास त्या मुलांसाठी मोकळ्या ठेवाव्यात आणि हळूहळू हे वर्तुळ वाढवावे. पुण्यात गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबर २०२१ मध्ये एक दिवस वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. जे लक्ष्मी रस्त्यावर शक्य झाले, ते एखाद्या निवासी गल्लीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

सायकलीला जोडलेली मुलाची जागा दीड वीत रुंदीची असते. परंतु तिच्यासाठी शहरात जागा करावयाची म्हणजे शहराला आपला वेग, आपली शिस्त आणि आपली प्राधान्ये तपासावी लागतात. मोठी माणसे मत देतात, कर भरतात, तक्रार करतात. चार वर्षांच्या मुलाला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याच्या वतीने मोठ्यांनीच बोलावयाचे असते. ज्या दिवशी जे. पी. नगरातील, किंवा सांगली, सोलापूर, बेळगावातील एखादी आई मुलाला मागे बसवून सहज बाजाराला निघेल आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही, त्या दिवशी ते शहर खऱ्या अर्थाने पुढे गेले, असे म्हणता येईल.